लोंबत्या ढगांमागून गारा येतात का? खान्देशच्या आभाळातील विलक्षण ढगांविषयी

प्रश्न चोपडा तालुक्यातील एका केळी बागायतदाराचा आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सायंकाळी पाचच्या सुमारास त्यांच्याकडे वारा सुटला, चार थेंब पडले आणि थांबले. पावणेसातच्या आसपास मात्र डोक्यावरच्या आभाळाला शेकडो गोल पिशव्या फुटल्यासारखे झाले. त्या खाली लोंबू लागल्या आणि मावळतीच्या उन्हात आधी सोनेरी, मग जांभळ्या झाल्या. मजुरांनी काम टाकले, वडील ‘आभाय खाले उतरी ऱ्हायनं’ म्हणत ओट्यावर बसून राहिले, आणि कोणीतरी मोबाइलवर ‘ही चक्रीवादळाची खूण’ असा संदेश फिरवला. दोन छायाचित्रे पाठवून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे ढग कोणते, त्यांच्यामागून गारपीट येते का, आणि असे आणखी कोणते विलक्षण ढग आपल्याकडे दिसू शकतात.

तापी खोऱ्यात तीस वर्षांहून अधिक काळ मी रोज सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच वाजता आभाळाची नोंद घेण्याचे काम केले. आभाळाचे मनाने आठ भाग पाडायचे, त्यांतले किती ढगांनी झाकले आहेत ते लिहायचे, मग खालच्या, मधल्या आणि वरच्या थरांत कोणते ढग आहेत ते ओळखून नोंदवायचे, अशी ती पद्धत. या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. ढग दिसायला जितका भयंकर, तितका तो घातक असतोच असे नाही. आणि ज्याला पाहून खरोखर आडोसा गाठावा, त्या ढगासमोर लोक पुष्कळदा मोबाइल धरून उभे असतात.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांतील ढगांना मॅमॅटस म्हणतात. लॅटिनमध्ये मम्मा म्हणजे थान. गाईम्हशींच्या कासेची आठवण व्हावी असा हा आकार असल्याने ते नाव पडले. हा ढगांचा स्वतंत्र प्रकार नाही. तो दुसऱ्या ढगाच्या पोटाला आलेला आकार आहे, आणि बहुतेक वेळा तो दुसरा ढग म्हणजे क्युम्युलोनिम्बस, आपला गडगडाटी वादळी ढग. हा ढग वर वाढत वाढत वातावरणाच्या अशा थराला टेकतो की त्याला पुढे चढता येत नाही. आपल्या अक्षांशावर ही उंची साधारण १६ किलोमीटरच्या आसपास असते. तेथे अडलेला ढग आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा माथा तयार होतो. ही ऐरण वरच्या वाऱ्याबरोबर मूळ ढगापासून शंभर किलोमीटर दूरही जाते. ती बर्फाच्या कणांनी जड झालेली असते, तर तिच्याखालची हवा कोरडी असते. हे कण त्या कोरड्या हवेत उतरून विरू लागले की भोवतालची उष्णता ओढून घेतात, हवा थंड आणि जड होते, आणि तेवढा तेवढा भाग खाली खचतो. इतर ढग वर चढणाऱ्या हवेने घडतात. हे ढग उतरणाऱ्या हवेने घडतात, म्हणून त्यांचे गोलवे उलटे दिसतात. या खचण्यामागे आणखी कोणकोणती कारणे काम करतात याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही, पण कोरड्या हवेचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. एकेक पिशवी एक ते तीन किलोमीटर रुंद असते आणि साधारण दहा मिनिटांत विरते. शेजारी दुसरी तयार होत असल्यामुळे सगळा देखावा मात्र पाऊण-एक तास टिकल्यासारखा वाटतो.

हे ढग पाहण्यासाठी खान्देशातला उन्हाळा फार अनुकूल आहे, आणि त्याचे गणित सोपे आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदूचे तापमान (ज्या तापमानापर्यंत हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर सरकतो. जुलैत तापमान २९ आणि दवबिंदू २४ असला तर ढगाचा तळ सहाशे-सव्वासहाशे मीटरवर येतो. तेव्हा सातपुड्याचे माथे ढगांत बुडालेले आपण पाहतोच. मे महिन्यात तापमान ४३ आणि दवबिंदू १५ असला तर हाच तळ साडेतीन हजार मीटरवर जातो. म्हणजे जमीन आणि ढग यांच्यामध्ये तापलेल्या कोरड्या हवेचा साडेतीन किलोमीटर जाडीचा थर उभा असतो, आणि खाली आडवे येणारे ढग नसल्याने ऐरणीचे पोट आपल्याला स्वच्छ दिसते. कोकणातल्या माणसाला हे दृश्य असे सहज लाभत नाही.

आता गारपिटीचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याच छायाचित्रात आहे. पिशव्यांवर खालून सोनेरी ऊन पडले आहे. मावळता सूर्य क्षितिजापासून तीन-चार अंशच वर असताना त्याचे किरण ढगाच्या पोटाला लागायचे असतील, तर पश्चिमेचे आभाळ दूरवर मोकळे असले पाहिजे. उन्हाळी वादळे आपल्याकडे बहुतेक वेळा पश्चिमेच्या अंगाकडून पूर्वेकडे सरकतात. आपल्याकडे पाच वाजता जो वारा सुटला तो त्या वादळाच्या कडेचा होता. पावणेसातला मूळ ढग यावल-रावेर ओलांडून बऱ्हाणपूरच्या अंगाला गेला असावा आणि आपल्या डोक्यावर त्याची मागे राहिलेली ऐरण होती. सायंकाळी उन्हाने उजळलेले मॅमॅटस हे बहुधा वादळ निघून गेल्याचे चिन्ह असते. उलट तीन-चार वाजता, पश्चिमेकडून काळपट पडदा येत असताना त्याच्या पुढच्या कडेला अशाच पिशव्या लोंबताना दिसल्या, तर वादळ अजून यायचे आहे असे समजावे. आकार एकच, पण त्याचा अर्थ दिशेवरून आणि वेळेवरून ठरतो. चक्रीवादळाशी या ढगांचा संबंध जोडणारा संदेश निराधार आहे.

गारा पिशव्यांतून पडत नाहीत. त्या मूळ ढगाच्या उभ्या खांबात, वर चढणाऱ्या जोरदार झोतात तयार होतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हवेचे तापमान ज्या उंचीवर शून्य अंशाला येते ती पातळी पावसाळ्याच्या तुलनेने खाली असते, म्हणून गार विरघळण्याआधी जमिनीला लागते. भर पावसाळ्यात तीच गार वाटेत पाणी होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट महाराष्ट्रातील शेतकरी विसरलेला नाही, आणि तो काळ नेमका हाच होता. ढगाला हिरवट झाक आली की गारा नक्की, असेही मानले जाते. ती झाक ढग फार जाड असल्याचे आणि त्यात पाणी-बर्फाचा साठा मोठा असल्याचे सांगते; गारांची खात्री मात्र देत नाही.

वादळ किती दूर आहे ते मोजण्याची एक रीत सांगतो, कारण ती बागेत उभे राहून करता येते. हात सरळ पुढे ताणून मूठ वळली की ती आभाळात सुमारे दहा अंश झाकते. ऐरणीचा माथा १५ किलोमीटर उंच धरला आणि तो क्षितिजापासून एक मूठ वर दिसत असला, तर ते वादळ ८० ते ८५ किलोमीटर दूर आहे. दोन मुठी असला तर ४०, तीन मुठी असला तर २५ किलोमीटर. पंधरा-पंधरा मिनिटांनी तीनदा मोजले की वादळ जवळ येत आहे की लांबत आहे हे कळते. वीज आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून तीनाने भागले की किलोमीटर मिळतात, आणि तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्या रानात थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपास पडलेल्या विजांची सूचना देते, तेही फोनमध्ये असावे.

ज्या ढगाला पाहून मी स्वतः आडोशाला जातो, तो आता सांगतो. इंग्रजीत त्याला शेल्फ क्लाउड म्हणतात. भिंतीतली फळी पुढे यावी तशी वादळाच्या पुढ्यात क्षितिजभर एक काळी, आडवी, थरथरांची कमान येते. वादळातून पडणारा पाऊस कोरड्या हवेत अर्ध्या वाटेवर सुकू लागतो. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी सुकले की ती हवा अडीच अंशांनी थंड होते. ही थंड, जड हवा धाडकन खाली येते, जमिनीला आपटून पुढे पसरते, आणि समोरच्या उष्ण हवेखाली पाचरीसारखी घुसून तिला वर उचलते. उचललेल्या हवेतला ओलावा म्हणजे ही कमान. तिच्या खालोखाल जो वारा येतो त्यालाच आपल्याकडे वावधान म्हणतात, आणि घड लागलेली केळी त्यात आडवी पडते.

एका जूनच्या पहिल्या आठवड्यातील प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. सायंकाळचे निरीक्षण घ्यायला मी यंत्रांच्या आवारात उभा होतो. धरणगावच्या दिशेला आभाळाच्या कडेने एक रेघ उमटली होती, जणू कोणी पेन्सिलने ओढली असावी. पाच मिनिटांत ती रेघ पट्टा झाली, पट्ट्याला खाली फाटक्या झालरी आल्या, आणि त्या झालरी खाली न पडता वर सरकत होत्या. तेव्हा आवारात पानही हलत नव्हते. कडुनिंबावरचे पोपट एकदम उडाले. मग आधी धुळीची भिंत आली, तिच्यामागे ओल्या मातीचा वास आला, आणि मी पत्र्याच्या खोलीत शिरेपर्यंत वाऱ्याने लाकडी पेटीचे झडपांचे दार उचकटून आपटायला सुरुवात केली होती. अर्ध्या तासाने तापमान पुन्हा वाचले तेव्हा पारा चौदा अंशांनी उतरलेला होता. त्या संध्याकाळी शेजारच्या गावातील एक उभी बाग पाच-सात मिनिटांत झोपली. कमान दिसल्यापासून वारा पोहोचेपर्यंत मोजून बारा मिनिटे गेली होती. एवढ्या वेळात बाग वाचवता येत नाही. माणसे आणि जनावरे मात्र झाडांखालून आणि विजेच्या तारांखालून बाजूला काढता येतात. फाटक्या झालरी वर चढताना दिसणे ही या ढगाची पक्की ओळख आहे, आणि ती दिसल्यावर छायाचित्रासाठी थांबू नये.

ही कमान मूळ ढगापासून सुटून एकटी गडगडत गेली तर तिला रोल क्लाउड म्हणतात. जगातील सर्वांत प्रसिद्ध रोल क्लाउड ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारियाच्या आखातात, बर्कटाउन गावाजवळ, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे येतो. त्याला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात, आणि तो कधीकधी हजार किलोमीटर लांब असतो. तापी खोऱ्यात मी सुटा रोल क्लाउड फार क्वचित पाहिला आहे, आणि तोही लहान.

त्या मानाने रोजच्या उपयोगाचा, पण कोणाच्या नजरेत न भरणारा ढग म्हणजे सकाळचा बुरूजदार ढग. मधल्या थरात एका सरळ तळावर लहान लहान उभे मनोरे ओळीने उभे असतात. जुन्या गावांतल्या गढीची तटबंदी आणि तिचे बुरूज डोळ्यांसमोर आणावेत. सकाळी सात-आठला असे बुरूज दिसले तर वरची हवा अस्थिर आहे असे ते सांगतात, आणि खाली पुरेसा ओलावा असला तर दुपारनंतर गडगडाट होतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळच्या नोंदीत हा ढग लिहिला की मी सायंकाळसाठी पर्जन्यमापकाची मोजपट्टी आधीच पुसून ठेवत असे. गारपिटीची चिंता असणाऱ्या माणसाने सायंकाळच्या सोनेरी पिशव्यांपेक्षा सकाळच्या या बुरुजांकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ढगाखाली केसांसारख्या करड्या झिपऱ्या लोंबतात आणि जमिनीला न टेकताच संपतात, त्यांना विर्गा म्हणतात. तो वाटेत सुकणारा पाऊस असतो. आपल्या उन्हाळ्यात तो अगदी नेहमीचा आहे. पाऊस आला नाही म्हणून हळहळण्याआधी एवढे लक्षात असावे की याच झिपऱ्यांखाली कोरडा, अचानक झोत सुटू शकतो.

सातपुड्यावर भिंगासारखे किंवा तबकडीसारखे ढग दिसतात का, असे मला पुष्कळ जण विचारतात. डोंगरावरून वाहणारा वारा पलीकडे लाटेसारखा वरखाली होतो आणि लाटेच्या शेंड्यावर हा गुळगुळीत ढग बनतो. वारा त्यातून वाहत राहतो, ढग मात्र जागचा हलत नाही, म्हणून लोकांना ती उडती तबकडी वाटते. यासाठी वारा डोंगराच्या रांगेला आडवा लागतो. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला आणि हिवाळ्यात आपल्याकडे वरचे वारे बहुतेक पश्चिमेचे. वारा रांगेला समांतर जातो आणि लाट उठत नाही. उत्तरेकडून एखादी थंडीची लाट उतरते तेव्हा, तोरणमाळच्या दक्षिणेला किंवा चोपडा-यावलच्या बाजूला, सकाळी एखादी लहान तबकडी दिसू शकते. साक्री-पिंपळनेरच्या लोकांचे नशीब थोडे बरे आहे, कारण सह्याद्रीची रांग दक्षिणोत्तर आहे आणि पश्चिमेचा वारा तिला थेट आडवा जातो. साल्हेरचा माथा १५६७ मीटरचा. त्याच्या पूर्वेला मी अशा ढगांच्या दोन-तीन समांतर पट्ट्या पाहिल्या आहेत.

आभाळाला पडणारे भोक हा आणखी एक प्रकार. हिवाळ्यात मधल्या थरात लहान गोळ्यांचे पातळ ढग पसरलेले असतात आणि त्यांतले पाणी शून्याखाली पंधरा-वीस अंशांवरही द्रवच असते. अशा थरातून विमान गेले की त्याच्या पंखांवरून पसरणारी हवा एकदम थंड होते, थोडे थेंब गोठतात, आणि गोठलेले कण शेजारच्या थेंबांचे बाष्प ओढून मोठे होत खाली पडतात. ढगात गोल किंवा लांबट खिडकी उघडते आणि तिच्या मध्यभागी पांढरी झिपरी लोंबते. दिसायला हे विलक्षण असते, धोका काहीच नसतो.

रंगांविषयी एक गोष्ट खास आपल्याकडची आहे. सूर्याला किंवा चंद्राला पडणारे खळे सर्वांना माहीत आहे. ते उंचावरच्या बर्फकणांमुळे, मध्यापासून दोन मुठींहून थोड्या अधिक अंतरावर पडते. पण कधीकधी भर दुपारी सूर्याच्या खूप खाली, साडेचार मुठींवर, तंतुमय ढगांत क्षितिजाला समांतर असा लाल ते निळा रंगीत पट्टा उमटतो. इंद्रधनुष्यासारखे रंग, पण कमान नाही आणि पाऊसही नाही. चपट्या बर्फकणांतून हा रंग फुटण्यासाठी सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांहून वर असावा लागतो. साधारण ५५ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे सूर्य कधी एवढा चढतच नाही, म्हणून तेथील लोकांना हा पट्टा दिसत नाही. जळगावचा अक्षांश २१ अंश. आपल्याकडे दुपारचा सूर्य फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत या मर्यादेच्या वर असतो. पावसाळ्यातले जाड ढग वगळले तरी मार्च ते मे हा काळ हाती राहतो. पाहताना सूर्य घराच्या कोपऱ्याआड किंवा झाडाआड ठेवावा, त्याच्याकडे थेट बघू नये.

मोबाइलवर फिरणारी काही छायाचित्रे खरी असतात, पण आपल्या आभाळाची नसतात. रात्री निळ्या रुपेरी रंगाने चमकणारे ढग ८० किलोमीटरहून अधिक उंचीवर तयार होतात आणि मुख्यतः ५० अंशांच्या पुढच्या अक्षांशांवर दिसतात. शिंपल्यासारखे चमकणारे ढग १५ ते २५ किलोमीटरवर, ध्रुवाजवळच्या हिवाळ्यात, उणे ७८ अंशांखाली बनतात. ‘काल रात्री धुळ्यात दिसले’ असे म्हणून ती पुढे आली तर ती पुढे पाठवू नयेत.

खवळलेला समुद्र खालून पाहावा तसे दिसणारे ढग मात्र आपल्याकडे शक्य आहेत. त्यांना अ‍ॅस्पेरिटास म्हणतात. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषध व्यावसायिकाने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावे दिली, १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला, आणि २०१७ च्या आवृत्तीत जागतिक हवामान संघटनेने अ‍ॅस्पेरिटास, रोल क्लाउड आणि वर सांगितलेले भोक यांना अधिकृत नावे दिली. अ‍ॅस्पेरिटासला नाव मिळाले ते सामान्य निरीक्षकांनी वर्षानुवर्षे पाठवलेल्या छायाचित्रांमुळे. आपल्या दोन छायाचित्रांना मी महत्त्व देतो ते यासाठीच.

त्या छायाचित्रांत एक उणीव राहिली आहे. दोन्ही सरळ वर धरून घेतली आहेत, त्यामुळे क्षितिज दिसत नाही आणि वादळाचा खांब कोणत्या दिशेला होता ते मला उन्हाच्या रंगावरून ताडावे लागले. पुढच्या वेळी एक छायाचित्र आडवे धरून घ्यावे, त्यात विहिरीचे मचाण किंवा विजेचा खांब अशी एखादी ओळखीची वस्तू यावी, आणि सोबत तारीख, वेळ, दिशा आणि वारा कोणत्या अंगाने होता एवढे लिहावे. दहा मिनिटांनी त्याच जागेवरून दुसरे घ्यावे. वडिलांनाही जरूर विचारावे की असे लोंबते ढग त्यांनी पूर्वी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रहरी पाहिले होते, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत त्या नोंदीखाली उतरवून ठेवावे.